वाचकांचे प्रश्न : खरखर, घरघर आणि एकतारी

'द माउंटन गोट्स' या अमेरिकन बँडचा 'ऑल हेल वेस्ट टेक्सास' हा अल्बम ऐकला. गाण्यामागे सतत घरघर आहे, तरी ती खटकत नाही. मी माझ्या रेकॉर्डिंगवर कॉम्प्युटरमधल्या प्लग-इनने टेपची खरखर चढवली, तर ती वरून ओतल्यासारखी वाटते. असं का?
— एक वाचक, पुणे

कारण ती खरंच वरून ओतलेली आहे. २००२ साली आलेला हा अल्बम बँडचे गायक-गीतकार जॉन डार्निएल यांनी पॅनासॉनिकच्या आरएक्स-एफटी ५०० या टेपरेकॉर्डरवर, त्यातल्याच माइकवर रेकॉर्ड केला. माइक आणि फिरणारी चाकं एकाच डब्यात, त्यामुळे यंत्राची घरघर थेट टेपवर उतरली.

मुद्दा पुढे आहे. असल्या डब्यांत पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट असतं. गाणारा थांबला की ते आवाज वर खेचतं आणि घरघर पुढे येते. पहिला शब्द फुटताच पातळी खाली दाबली जाते आणि घरघर मागे सरते. म्हणजे मागचा आवाज गाण्याबरोबर श्वास घेतो. प्लग-इनची खरखर एकाच पातळीवर पसरलेली राहते. गाण्याशी तिचं काही देणंघेणं नसतं.

घरात जुना टू-इन-वन असेल तर तो दुमडलेल्या घोंगडीवर ठेवा, म्हणजे टेबलाची थरथर माइकमध्ये जाणार नाही. तोंड दीड फुटावर, गिटार त्याहून लांब आणि थोडी तिरकी. गिटार जवळ आली तर प्रत्येक आघाताला सर्किट पातळी पाडेल आणि नेमके शब्द बुडतील. इथे मिक्सिंग नाही. आवाजांचा तोल म्हणजे कोण कुठे बसलं एवढंच. कॅसेटच्या सुरुवातीला कोरी प्लास्टिकची पट्टी असते, तिच्यावर काही उमटत नाही. दहा सेकंद जाऊ द्या, मग गा. पंखा मात्र बंद. पंख्याच्या वाऱ्याचे फटके माइकवर बसतात, त्यात कसलीही गंमत नाही.

जुना चार-ट्रॅक कॅसेट रेकॉर्डर घेतला. त्यावर गायलेलं गाणं पेटीशी जुळत होतं. दुसऱ्या डेकवर लावून लॅपटॉपमध्ये घेतलं तर भलतंच ऐकू आलं आणि पट्टीही बदलली.
— एक वाचक, कोल्हापूर

दोन वेगळ्या अडचणी आहेत. साध्या डेकवर टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. १९७९ चा टीॲक पोर्टास्टुडिओ १४४ आणि त्याच्या वळणावर बनलेली बरीच यंत्रं दुप्पट वेगाने, म्हणजे ९.५ सेंटिमीटरने चालतात. शिवाय चारही ट्रॅक एकाच दिशेने जातात, त्यामुळे साध्या डेकवर बाजू पालटली की त्यांतले दोन उलटे वाजतात. तेव्हा कॅसेट तिच्या यंत्रावरच वाजवा आणि चारही ट्रॅक तिथूनच लॅपटॉपमध्ये घ्या. दुप्पट वेगात सी-६० वर फक्त १५ मिनिटं मावतात, सी-९० वर साडेबावीस. सी-१२० ची टेप पातळ असते, ताणली आणि गुंतली जाते. ती वापरूच नका.

पट्टीचं गणित सोपं आहे. वेग सुमारे ६ टक्के वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो : पांढरी एकची काळी एक होते. यंत्र चुकीच्या पण स्थिर वेगाने चालत असेल तर त्याच यंत्रावर रेकॉर्ड करून त्याच यंत्रावर ऐकताना चूक दिसत नाही. बाहेर पडताच दिसते. खात्रीच्या डेकवर ४४० हर्ट्झचा सूर भरून घ्या आणि तुमच्या यंत्रावर वाजवून मोबाइलच्या ट्यूनरमध्ये पाहा. दुप्पट वेगाचं यंत्र ८८० दाखवायला हवं. आकडा चुकीचा पण स्थिर असेल तर आधी वेग कमी-जास्त करणारं पिचचं बटण मध्यावर आहे ना ते पाहा, मग मोटरचा वेग जुळवून घ्या. आकडा डोलत असेल तर बहुधा बेल्ट सैल झालेला असतो किंवा रबरी रोलर कडक झालेला.

टेप वाचणारं हेड आणि रबरी रोलरशेजारची लोखंडी दांडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबरी रोलरला ते नियमित लावलं तर रबर सुकतं. तिथे किंचित साबणाचं पाणी पुरे. आणि एक सवय लावून घ्या : प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला पेटीचा सा वीस सेकंद भरा. सहा महिन्यांनी दुसरा आवाज चढवताना त्या सा वरून वेग जुळवता येतो.

चार ट्रॅकमध्ये एकतारी, दिमडी, टाळ, पेटी आणि दोन गळे कसे बसवायचे?
— एक वाचक, नाशिक

बाउन्स करून, म्हणजे भरलेले ट्रॅक एका मोकळ्या ट्रॅकवर एकत्र उतरवून. एकतारी पहिल्यावर, दिमडी दुसऱ्यावर. मग ते दोन्ही तिसऱ्या ट्रॅकवर उतरवताना त्याच वेळी पेटी समोर बसून वाजवा, म्हणजे एकाच फेरीत तीन वाद्यं तिसऱ्यावर आली. उतरलेला ट्रॅक शेवटपर्यंत ऐका, आणि समाधान झालं तरच पहिले दोन पुसा. आता पहिला, दुसरा आणि चौथा मोकळे : दोन गळे आणि टाळ.

याची किंमत आहे. कॅसेटची टेप जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद, तीत चार ट्रॅक, खरखर असणारच. सारख्या पातळीवरचे दोन ट्रॅक मिसळले की ती ३ डेसिबलने वाढते, वर नव्या रेकॉर्डिंगची वेगळी. आणि प्रत्येक उतरवणीत वरचे, तार स्वर झिजतात. म्हणून दिमडी उतरवण्याआधीच ऐकायला थोडी जास्त चरचरीत वाटेल इतकी ठेवा. गळा कधीही बाउन्स करू नये असं आमचं ठाम मत आहे. लो-फाय, म्हणजे मुद्दाम खडबडीत राखलेल्या गाण्यात वाद्य धूसर झालं तर चालतं. शब्द ऐकू आला नाही तर ते नुसतं वाईट रेकॉर्डिंग.

सगळ्यांत जास्त टेप बिघडवतो टाळ. कॅसेटवर तार स्वर खालच्या स्वरांच्या खूप आधी टेपची मर्यादा गाठून फाटतात, आणि काट्याचा मीटर संथ असल्याने टाळाचा आघात त्याला दिसतच नाही. काटा उणे दहावर असताना प्रत्यक्ष आघात लाल रेघेपार गेलेला असतो आणि टेपवर नुसतं 'च्छ' उरतं. टाळ माइकपासून पाच-सहा फूट लांब, काटा उणे दहाच्या वर नको. गळ्याला मात्र शून्यापर्यंत, जोरात एक-दोन वर गेला तरी जाऊ द्या. तिथे टेप जो हलका चुरा करते तो गोड लागतो. यंत्रात डीबीएक्स, म्हणजे खरखर कमी करणारं सर्किट, असेल तर ते भरताना आणि वाजवताना सारखंच ठेवा, आणि दिमडीच्या प्रत्येक थापेमागे खरखर उसासा टाकताना ऐकू आली तर बंदच करा.

एकतारी उलटी वाजवता येते का, कॉम्प्युटरशिवाय?
— एक वाचक, मडगाव

कॅसेट उलटी घाला. पहिल्या ट्रॅकचा चौथा होतो, दुसऱ्याचा तिसरा, आणि गाणं शेवटाकडून सुरू होतं. एकतारी मोकळ्या ट्रॅकवर भरा, कॅसेट सुलटी करा : सूर आधी फुगत येतो आणि आघातापाशी तुटतो. म्हणून तार समेच्या जागी छेडा आणि पूर्ण विरू द्या. धोका एकच. कॅसेट उलटी असताना चौथा ट्रॅक मोकळा समजून रेकॉर्ड दाबलं तर पहिल्यावरचा गळा गेला. अदलाबदल कागदावर लिहून यंत्रावर चिकटवा.

टेपचा फेरा, म्हणजे लूपही करता येतो. स्क्रूची कॅसेट उघडा. २४ सेंटिमीटर टेप साध्या वेगात ५ सेकंदांचा फेरा देते, दुप्पट वेगात अडीच. जोड तिरका कापा आणि हेडला न लागणाऱ्या बाजूने स्प्लायसिंग टेपने चिकटवा. साधी सेलोटेप नको, तिचा डिंक हेडवर येतो.

लॅपटॉप जोडला की 'हूं' असा आवाज येतो.
— एक वाचक, ठाणे

चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर अर्थिंगच्या फेऱ्याचा (ग्राउंड लूपचा) दोष आहे : सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा, तरी राहिला तर मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. प्लगची तिसरी पिन मोडू नका. आवाज तरीही राहिला तर रेकॉर्डरचा अडॅप्टर यंत्रापासून लांब सरकवून पाहा.

आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्यांची १९८९ ची कॅसेट सापडली. ती अल्बममध्ये वापरायची आहे. टेपवर पांढरे ठिपके आहेत.
— एक वाचक, चिपळूण

ठिपके बुरशीचे आहेत. ही कॅसेट चांगल्या यंत्रात घालू नका; बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. आधी सिलिका जेलच्या पाकिटांसह घट्ट झाकणाच्या डब्यात काही दिवस सुकू द्या. मग नाकातोंडावर मास्क लावून, उघड्यावर, टेप हाताने हळू फिरवत मऊ कोरड्या कापडातून काढा. नंतर टाकाऊ यंत्रावर एकदाच वाजवा आणि त्या एकाच वेळी २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर भरून घ्या. आवाज साफ करणं नंतर कधीही होईल.

हक्कांचं म्हणाल तर पारंपरिक ओवीच्या शब्दांवर कुणाची मालकी नाही. आजीने स्वतः रचलेली असेल तर शब्दांचा हक्क तिचा, आणि तिच्यानंतर वारसांचा. गाणाऱ्याचा हक्क मात्र वेगळा असतो. भारतीय कायद्यात तो गायनाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं टिकतो, म्हणजे १९८९ च्या गायनावर २०३९ अखेरपर्यंत. त्यामुळे आजी हयात असतील तर त्यांची, नसतील तर मामा-मावश्यांसह सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात जमलेल्या लाखाहून जास्त ओव्या 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) हे संकेतस्थळ प्रसिद्ध करत आहे. तिथे गाणारणीचं नाव आणि गाव सोबत दिलेलं असतं. तुमच्या कव्हरवरही ते द्या, 'पारंपरिक' एवढ्यावर भागवू नका. आणि ओवीखाली ताल घालायचा असेल तर जात्याची घरघर कापू नका. आजींची लय तिच्यावरच चालली आहे. मेट्रोनोमवर बसवायला गेलात तर दर तिसऱ्या ओळीला घसरेल.