आजीच्या डब्यातली शिवराई: किंमत किती आणि त्यातून कळतं काय

ताई, तुम्ही विचारलंय की आजीच्या डब्यात तांब्याची जाडजाड नाणी निघाली, त्यावर ‘श्री राजा शिव’ असं अर्धवट दिसतंय, तर त्याला किती येतील आणि त्यातून काही कळतं का. किमतीचं पटकन सांगतो. ही शिवराई, आणि मागे ‘छत्र’ आणि ‘पति’च्या मधे दोन आडव्या रेघा असतील तर दुदांडी शिवराई, ती भरपूर सापडते, त्यामुळे लाखो मिळतात वगैरे व्हिडिओ बघून कुणाला आगाऊ पैसे भरू नका.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. शिवराई सुरू झाली शिवाजी महाराजांच्या काळात, राज्याभिषेक 1674 चा, आणि पुढे पेशवाईतही ती पाडली जायची, आणि नाण्यावरचा मजकूर सरळ नागरीत. आता पेशवाईतला पुण्याचा चांदीचा अंकुशी रुपया बघा, त्याच्यावर फारसी अक्षरं, नाव दिल्लीच्या बादशहाचं, आपली खूण काय तर छोटासा अंकुश. असं का, तर रुपया लांब जायचा, व्यापारात, फौजेच्या पगारात, आणि परगावचा सराफ ओळखीच्या शिक्क्यालाच पूर्ण भाव देणार, नाहीतर बट्टा कापणार. तांब्याचं तसं नाही, वजन जास्त किंमत कमी, लांब नेणं परवडतच नाही, मग ते आठवडी बाजारात तेलमीठ-भाजीपाल्यातच फिरत राहायचं. म्हणून मला तरी वाटतं की इथली साधी माणसं कुणाचं नाव आपलं मानत होती हे चांदीपेक्षा या तांब्यावर जास्त स्पष्ट दिसतं.

अक्षरं नीट बघा. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘सीव’. टाकसाळीचे परवाने खाजगी लोकांना दिलेले असायचे, ठसे कोरणारे हात वेगवेगळे, प्रत्येकजण शुद्धलेखनात पक्का असेलच असं नाही, पण घेणाऱ्यालाही अक्षर वाचायची गरज नव्हती, मांडणी डोळ्याला ओळखीची असली की झालं. आणि ठसा मोठा, तांब्याचा तुकडा छोटा, त्यामुळे मजकूर अर्धाच उमटायचा, तुमचं नाणं काही खराब नाहीये.

1818 ला पेशवाई गेली तरी शिवराई गेली नाही. कंपनीच्या अंमलातही पुढे काही वर्षं ती पाडली गेली आणि बाजारात तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत चालली. म्हणजे राज्यकर्ता बदलला पण बाजारहाटाला निघालेल्या बाईच्या कनवटीला छत्रपतींचंच नाव, मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

एखाद्या नाण्याला भोक असेल तर ते फेकू नका, कुणीतरी दोऱ्यात ओवून गळ्यात घातलेलं असू शकतं. आणि प्लीज चिंच-लिंबाने घासू नका, वरचा काळपट-हिरवा थर गेला की नाण्याची वाट लागते.

विकायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण त्याआधी आजी कुठल्या गावच्या, डबा माहेरचा की सासरचा, हे त्यांना विचारून कागदावर लिहा आणि कागद नाण्यांसोबतच ठेवा. कारण डीलरच्या ट्रेमधे गेलं की गाव सुटतं, आणि मग ते नाणं कुठल्या बाजारात फिरलं हे कुणालाच सांगता येत नाही.