नेमबाजी, प्रश्न तुमचे: सकाळचा ग्रुप दहा वाजता का फाटतो?

प्रश्न: ५० मीटर प्रोन (पालथं झोपून) मारतो. सकाळी सातला दहा गोळ्यांचा ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) रुपयाच्या नाण्याखाली झाकला जातो. दहा वाजले की तोच ग्रुप आडवा, थोडा तिरपा पसरतो आणि आठ-नऊ लागायला लागतात. बॅरल तापत असेल का? जाड बॅरलची रायफल घ्यावी का? (वणी, जि. यवतमाळ)

पैसे खिशातच ठेवा. .२२ च्या काडतुसात दारू चिमूटभर असते, मॅच बॅरल आधीच जाड असतं आणि तुम्ही मिनिटाला फार तर दोन गोळ्या सोडता. एवढ्यानं ते हलत नाही. खरं उत्तर तुमच्याच पत्रात आहे: ‘तिरपा’.

टार्गेटवर घड्याळ कल्पा. बहुतेक बॅरलच्या आतल्या चऱ्यांचा पीळ उजवा असतो. अशा बॅरलमधून सुटलेली गोळी उजवीकडून येणाऱ्या वाऱ्यात डावीकडे तर जातेच, शिवाय थोडी वर चढते. म्हणजे ती घड्याळातल्या दहाच्या बाजूला जाते. वारा डावीकडून आला तर ती उजवीकडे सरकून थोडी खाली उतरते, चारच्या बाजूला. दहा ते चार अशी तिरपी रेघ दिसली की वारा दोन्हीकडून येत होता आणि नेमबाजानं तो एकच धरला, असं समजायचं. रेघ अगदी आडवी असेल तर वाऱ्याबरोबर डावा कोपर आणि स्लिंगही (रायफल दंडाला बांधणारा पट्टा) तपासा. सरळ उभी असेल तर तो वेगळा आजार, त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

हे दहालाच का सुरू होतं? उन्हाळ्यात आपली काळी जमीन उघडी पडलेली असते. सूर्योदयानंतर दोन-तीन तासांत ती तापते, तिच्यावरची हवा उठायला लागते आणि तिची जागा घ्यायला कधी या धुऱ्याकडून (बांधाकडून), कधी त्या धुऱ्याकडून झुळूक येते. मॅच काडतुसाची गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटरनं सुटते. तिला आडवा, सेकंदाला फक्त १ मीटरचा वारा लागला तरी ५० मीटरवर ती ६-७ मिमी सरकते. या टार्गेटवर एका रिंगची रुंदी ८ मिमी. आणि १ मीटरचा वारा म्हणजे अगरबत्तीचा धूर आडवा होतो, पण पऱ्हाटीचं पान हलत नाही इतका. गालाला तो कळतच नाही.

म्हणून रेंजवर झेंड्या हव्यात. नियमातल्या झेंड्या ५ सेंमी रुंद, ४० सेंमी लांब सुती पट्ट्या असतात. त्या १० आणि ३० मीटरवर, गोळीच्या वाटेत येणार नाहीत पण त्याच उंचीवर फडफडतील अशा लावायच्या. घरच्या जुन्या धोतराची पट्टी चालते. पॉलिएस्टरची नको, ती एक तर चिकटून बसते नाहीतर उगाच नाचते. दोन झेंड्या दोन दिशा दाखवत असतील तर जवळच्या झेंडीला जास्त मान द्या. तिथे गोळीला लागलेला धक्का उरलेल्या सगळ्या अंतरात वाढत जातो.

दुसरी खूण मृगजळाची. स्पॉटिंग स्कोपचा फोकस टार्गेटच्या किंचित अलीकडे आणा, हवेच्या लाटा वाहताना दिसतील. त्या एका दिशेनं वाहत असतील तर ठीक. सरळ वर उकळताना दिसल्या तर बोट ट्रिगरवरून काढा, कारण वारा दिशा बदलायच्या बेतात आहे. मृगजळात काळा गोळाही वाहत्या बाजूला सरकलेला दिसतो, त्यामुळे चूक आणखी वाढते.

यावर साइटचे क्लिक (नेम सरकवणाऱ्या चकतीचे टप्पे) फिरवत बसणं हा नवख्यांचा उपाय. झुळूक येते, तुम्ही चार क्लिक देता, नेम धरेपर्यंत झुळूक गेलेली असते आणि गोळी दुसऱ्या बाजूला नऊ घेते. त्याऐवजी साइटर (सुरुवातीच्या, गुण न मोजल्या जाणाऱ्या गोळ्या) मारतानाच ठरवा की सर्वात जास्त वेळ टिकणारा वारा कोणता. त्या वाऱ्यावर झिरो करा (गोळी मध्यावर लागेल अशी साइट बसवा), तो असेल तेव्हाच गोळी सोडा, नसेल तेव्हा थांबा. ६० गोळ्यांना ५० मिनिटं असतात. तो वारा परत यायची वाट पाहायला हा वेळ पुरतो, मात्र सुरुवातीला हवा चांगली असताना भराभर मारून घेतलं असेल तर.

प्रश्न: आमच्याकडे १०० मीटरची सोय झाली आहे. .२२ नं तिथे मारायचं तर हाय व्हेलॉसिटी काडतूस बरं का? नेहमीच्या काडतुसांनी गोळ्या वर-खाली लागतात. (अचलपूर)

नाही. ऐकायला उलटं वाटेल, पण .२२ मध्ये वेगवान गोळी वाऱ्यात जास्त वाहते. ती सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास निघते आणि थोड्याच अंतरात आवाजाच्या वेगाखाली येते. आवाजाचा वेग २० अंशांना साधारण ३४३ मीटर, ४० अंशांना ३५५. ही हद्द ओलांडताना हवा गोळीला सर्वात जोरात अडवते, आणि वाहणं गोळीला किती वेळ लागला यावर नसतं, हवेनं तिचा किती वेळ खाल्ला यावर असतं. मॅच काडतूस मुद्दाम हद्दीच्या आत ठेवलेलं असतं, ते त्यासाठीच.

वर-खाली लागण्याचं कारण बहुधा वेगातला फरक. दोन काडतुसांत सेकंदाला १० मीटरचा फरक असेल तर ५० मीटरवर ८ मिमी वर-खाली होतं, १०० मीटरवर सुमारे ३ सेंमी. म्हणजे ५० मीटरवर लपलेला दोष इथे उघडा पडतो. एकाच लॉटची (कारखान्यातल्या एकाच खेपेची) काडतुसं घ्या. लॉट बदलला की झिरो पुन्हा करा. डबा उन्हात, चटईवर उघडा ठेवू नका: काडतूस तापलं की वेग वाढतो आणि गोळीवरचं मेणही वितळतं. डब्यावर ओलं फडकं नको, सावली हवी. एवढं करूनही उभी रेघ राहिली तर रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच-पाचचे चार ग्रुप मारा. तिथे रेघ गेली तर दोष श्वासाचा किंवा दंडावरून घसरणाऱ्या स्लिंगचा, काडतुसाचा नाही.

५० चं झिरो तसंच ठेवून १०० ला मारलं तर गोळी २० सेंमीहून जास्त खाली लागेल, म्हणजे जवळपास ७ मिनिटं (कोनाचं १ मिनिट १०० मीटरवर २९ मिमी). तुमच्या साइटचा एक क्लिक किती, हे माहितीपत्रकावरून घेऊ नका. पाच गोळ्या मारा, दहा क्लिक एकाच दिशेनं द्या, पुन्हा पाच मारा, दोन ग्रुपच्या मध्यांतलं अंतर मोजा, दहानं भागा. मग दहा क्लिक परत घेऊन तिसरा ग्रुप मारा. तो पहिल्यावर बसला नाही तर साइटमध्ये ढिलाई आहे.

रायफल कलते का तेही पाहा. ५ अंश उजवीकडे कलली तर ५० मीटरवर गोळी सुमारे १ सेंमी उजवीकडे जाते. १०० वर ही चूक चौपटीहून जास्त होते.

जाता जाता: ‘५० मीटर म्हणजे पोरखेळ, खरा कस ३०० ला’ असं तुम्ही लिहिलंय. ५० मीटरचा दहा (टार्गेटचं मधलं वर्तुळ) १०.४ मिमी, ३०० मीटरचा १०० मिमी. कोनात पाहिलं तर पहिला ०.७ मिनिट, दुसरा १.१ पेक्षा जास्त. ३०० ला वारा छळतो हे खरं, पण दहा तिथे मोठा आहे.

प्रश्न: फोरसाइटची (नळीच्या टोकावरच्या साइटची) रिंग किती मिलिमीटरची घालावी? बारीक घातली तर नेम अचूक होईल ना? (मूर्तिजापूर)

होणार नाही. ५० मीटरचा काळा गोळा ११२.४ मिमीचा. डोळ्यापासून फोरसाइट साधारण मीटरभर लांब असेल तर तिथे तो सव्वादोन मिमीचा दिसतो. रिंग २.८ ची घातली की काळ्याभोवती पांढरं अगदीच थोडं उरतं, गोळा रिंगला चिकटला का हे ठरवण्यातच डोळा थकतो आणि बोट आखडतं. ३.४ ते ४.० मध्ये सुरुवात करा. हात स्थिर नसेल तर मोठी रिंग. ढगाळ दिवशी अजून एक आकडा वर. नेम धरून ७-८ सेकंदांत गोळी सुटली नाही तर रायफल खाली घ्या. त्यानंतर दिसतं ते डोळ्यात उरलेलं चित्र असतं.

प्रश्न: मुलीची एअर रायफल कॉम्प्रेस्ड एअरची आहे. सिलिंडर हातपंपानं भरतो. उन्हाळ्यात काही काळजी? (आर्वी, जि. वर्धा)

उन्हाळ्यात उष्णतेची, पावसाळ्यात पाण्याची. २५ अंशांना २०० बारपर्यंत भरलेला सिलिंडर ४५ अंशांत २१३ बारवर जातो, बंद गाडीत त्याहूनही वर. म्हणून मे महिन्यात १८० वरच थांबा आणि रायफल गाडीत ठेवून लग्नाला जाऊ नका. सिलिंडरवरची तारीख वाचा. १० वर्षं झाली की तो बाद, दिसायला कितीही नवा असो. पंप मारताना ५० दट्ट्यांनंतर दहा मिनिटं थांबा, तापलेल्या पंपाचं सील आधी जातं. पावसाळ्यात पंपाच्या तळाचा स्क्रू उघडून पाणी काढत जा, नाहीतर ते रेग्युलेटरमध्ये (हवेचा दाब एकसारखा ठेवणाऱ्या भागात) शिरतं आणि वेग दर गोळीला बदलतो. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन कधीही भरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीस एकत्र आले की स्फोट होतो.

प्रश्न: एअर रायफलनं वावरातले रोही (नीलगायी) आणि रानडुकरं हाकलता येतील का? (चिमूर)

नाही. अर्ध्या ग्रॅमची पेलेट जनावराला हाकलत नाही, जखमी करून सोडते. वर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चा गुन्हा. नुकसान झालं असेल तर लगेच वनविभागाकडे अर्ज करून पंचनामा मागा.

प्रश्न: जून ते सप्टेंबर रेंज बंद असते. रायफल कशी ठेवावी? (तुमसर)

कव्हरमध्ये नाही. फोमचं कव्हर ओल धरतं आणि आठवड्यात बॅरलवर तांबूस ठिपके येतात. कव्हर फक्त प्रवासापुरतं. घरात कुलूपबंद कपाटात, बोल्ट वेगळा काढून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्या दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर सुकवा. बाहेरून तेलाचं बोट फिरवा, पण बोल्टमध्ये तेल थापू नका: धूळ त्याच्याशी कालवून गाळ होतो आणि पिन मंद मारते. हंगामाच्या पहिल्या दिवशी नळीतून कोरडं फडकं ओढून तेल काढा आणि पहिल्या दहा गोळ्या मोजू नका. नळी पुन्हा शिसं आणि मेण धरेपर्यंत त्या कुठेही लागतात.