क्लिनिककडे वळलं तर ‘खरे’ प्राध्यापक होता येत नाही का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत जे.डी.च्या, म्हणजे तिथल्या कायद्याच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला आहात, पुढे इमिग्रेशन कायदा शिकवायचा आहे, पण क्लिनिकच्या वाटेने गेलं की ‘खरे’ प्राध्यापक होता येत नाही, तिथे संशोधन होत नाही आणि नोकरीही पक्की नसते, असं दोघातिघा मित्रांनी सांगितलं. मी एकोणीस वर्षं हेच काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लॉ स्कूलमधलं क्लिनिक म्हणजे शाळेच्या आत चालणारं वकिलीचं ऑफिस. अशील खरे असतात, तारखाही खऱ्या. फौजदारी खटल्यात वकील परवडत नसेल तर सरकारने द्यायचा, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1963 च्या गिडियन निकालाने ठरलं. हद्दपारीचा खटला मात्र दिवाणी समजला जातो. तिथे वकील करता येतो, पण सरकारी खर्चाने नाही, असं कायद्यातच लिहिलंय. समोर सरकारचा वकील, आणि ज्याला परत पाठवायचंय तो माणूस कित्येकदा एकटा. नियमांनुसार विद्यार्थ्याला अशिलाकडून एक पैसाही न घेता, प्राध्यापकाच्या देखरेखीखाली, अशा माणसाच्या बाजूने उभं राहता येतं. न्यायाधीशांची परवानगी लागते, एवढंच.

आता शिकवण्याबद्दल. वर्गात मी 1987 चा कार्डोझा-फोन्सेका निकाल शिकवते: मायदेशी छळ होईल ही आश्रय मागणाऱ्याची भीती साधार ठरायला छळाची शक्यता निम्म्याहून जास्त असावी लागत नाही, दहा टक्केही पुरू शकते. मुलांना ते तासाभरात कळतं. पण ती भीती एका माणसाच्या तोंडून कागदावर कशी आणायची, हे कुठल्याच निकालात लिहिलेलं नाही.

एका वर्षी माझ्या विद्यार्थ्याने इथिओपियाच्या एका बाईंचं चौदा पानी प्रतिज्ञापत्र लिहिलं. भाषा सुरेख होती. पण भावाला उचलून नेल्याचा महिना त्यात एक होता आणि आधीच्या मुलाखतीच्या नोंदीत दुसराच. 2005 च्या रिअल आयडी कायद्यानंतर अशी विसंगती मुख्य मुद्द्याशी संबंधित नसली तरी न्यायाधीश तिच्यावरून माणसाला अविश्वासू ठरवू शकतात. मला ती पहिल्या वाचनातच दिसली. मी त्याला फक्त विचारलं, “हा महिना कुठून आला?” आणि गप्प बसले. सुनावणीला पाच आठवडे होते. दहाव्या दिवशी मी स्वतःच सांगणार, असं मनाशी ठरवलं होतं, कारण विद्यार्थ्याच्या शिक्षणाची किंमत अशिलाने मोजायची नसते. ते दिवस मला फार जड गेले. आठव्या दिवशी तो धावत आला. इथिओपियाची कालगणना वेगळी, तेरा महिन्यांची, आणि महिना बदलून सांगताना दुभाष्याची चूक झाली होती. बाईंनी दोन्ही वेळा एकच महिना सांगितला होता. पुढे उलटतपासणीत तोच प्रश्न आला आणि त्यांनी तो शांतपणे सोडवून सांगितला. मी चूक दाखवून दिली असती तर त्याने तारीख दुरुस्त केली असती, पण त्यांना पुन्हा समोर बसवून ऐकलं नसतं. क्लिनिकमध्ये शिकवण्याचं कौशल्य मला विचाराल तर ते या गप्प बसण्यात आहे, आणि कधी बोलायचं ते ओळखण्यात.

‘संशोधन होत नाही’ हा आक्षेप मला अजिबात पटत नाही. 1996 च्या कसिंगा प्रकरणात टोगोच्या एका तरुणीला आश्रय मिळाला आणि स्त्रियांच्या जननांगांचं विच्छेदन हा छळ आहे हे इमिग्रेशन अपील मंडळाने पहिल्यांदा पायंडा म्हणून मान्य केलं. आधी तिची बाजू मांडणारी लेली मिलर बाशीर ही विद्यार्थिनी होती. अपील लढवणाऱ्या कॅरन मुसालो तेव्हा अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या क्लिनिकमध्ये होत्या. (तरुणीचं खरं आडनाव कसिंजा. सरकारी कागदांत चुकीचं लिहिलं गेलं आणि निकाल आजही त्या चुकीच्याच नावाने ओळखला जातो. मी दर वर्षी मुलांना हे सांगते.) 2007 मध्ये जॉर्जटाउनच्या आश्रय-क्लिनिकशी जोडलेल्या तिघा प्राध्यापकांनी आकडे मांडले: मायामीच्या एकाच कोर्टात कोलंबियाच्या अर्जदाराला एका न्यायाधीशासमोर यशाची शक्यता 5 टक्के, दुसऱ्यासमोर 88 टक्के. खटले लढवणाऱ्यालाच असा प्रश्न सुचतो, असं मला वाटतं.

तुमच्या मित्रांचं एक म्हणणं मात्र खरं आहे. माझी पहिली सहा वर्षं दर वर्षी नव्या करारावर गेली, प्राध्यापकांच्या सभेत मला मत नव्हतं. म्हणून मुलाखतीत स्पष्ट विचारा: टेन्युअर, म्हणजे कायमची नेमणूक, आहे का, नसेल तर दीर्घ मुदतीचा करार आहे का, नेमणुकांवर मत देता येतं का, आणि उन्हाळ्यात खटले कोण सांभाळतं. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी नसते. लेखनाचा वेळ तिथेच जातो. दोन वर्षांची क्लिनिकल फेलोशिप मिळाली तर जरूर घ्या, शिकवायची सवय आणि लेखन दोन्ही तिथे सुरू होतं.

पण त्याआधी जवळच्या इमिग्रेशन कोर्टात एक सकाळ जाऊन बसा. प्राथमिक तारखांच्या सुनावण्या सहसा सगळ्यांना खुल्या असतात. वकील नसलेल्या माणसाच्या वाट्याला किती मिनिटं येतात ते घड्याळ लावून पाहा, आणि क्लिनिकचा अर्ज त्याच संध्याकाळी भरा.