एसिटालोप्राम की सर्ट्रालीन?

तुम्हाला डॉक्टरांनी एसिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी दिलीय, बहिणीला मात्र सर्ट्रालीन लागू पडली होती. मग बदलून मागावी का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. गोव्यातल्या फोंड्यात औषधांच्या दुकानात १७ वर्षं काउंटरवर उभा आहे, तेवढ्याच अधिकाराने सांगतो.

दोन्ही गोळ्या एकाच घराण्यातल्या, मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करणाऱ्या. गुणात फार डावं-उजवं नाही, फरक असतो तो त्रासात. सर्ट्रालीनने सुरुवातीला पोट बिघडण्याची तक्रार जास्त. अंगावर पाजणाऱ्या आईला मात्र बहुधा तीच लिहून देतात. लैंगिक इच्छा दोन्हींनी कमी होऊ शकते. हा प्रश्न विचारायला लोक दुकान रिकामं होईपर्यंत थांबतात. नैराश्यावरच्या बाकीच्या गोळ्यांचंही तसंच, प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. फ्लुओक्सेटीन शरीरात इतके दिवस रेंगाळते की एखादी गोळी चुकली तरी सहसा कळत नाही. पॅरोक्सेटीन आणि व्हेनलाफॅक्सीन एकदम सोडल्या तर चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके. झोप नाही, अन्न जात नाही, अशांना रात्रीची मिर्टाझापीन; तिने भूक आणि वजन दोन्ही वाढतं.

म्हणून बहिणीची गोळी बघू नका, तुमची झोप, पोट आणि चालू असलेली बाकीची औषधं डॉक्टरांना सांगा.

आणि घाई करू नका. गेल्या चतुर्थीच्या आधी एक बागायतदार काका अर्धी स्ट्रिप परत घेऊन आले. प्रत्येक गोळीच्या मागे पेनाने तारीख घातलेली. "कसलोच गूण ना रे," म्हणाले. किती दिवस झाले? बारा. झोप? "ती येते आता." जेवण? "जेवतो की." म्हणजे गुण यायला लागला होता, मन तेवढं मागे राहिलं होतं. मनावरचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. बरं वाटल्यावरही काही महिने गोळी चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात.

पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये, बेचैनी वाढली किंवा जीव द्यायचे विचार आले, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, नाहीतर बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळात जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबरही आहे.

राहिली फेणी. 'थोडी चालते ना?' हे तुम्ही शेवटी कंसात विचारलंय. इथेही लोक सुटे पैसे घेता घेताच विचारतात. नको. चिठ्ठी नीट बघा, एसिटालोप्रामच्या नावापुढे क्लोनाझेपाम हे गुंगी आणणारं, मन शांत करणारं औषधही आहे का. आपल्याकडे दोन्ही एकाच गोळीत सर्रास मिळतात. असेल तर थेंबही नको, कारण फेणी आणि क्लोनाझेपाम दोन्हींनी गुंगी येते आणि श्वास मंदावू शकतो. शिवाय त्या क्लोनाझेपामची सवय लागते, तेव्हा ती किती दिवस घ्यायची हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्या.