ताटाचं सांगितलंस, पेल्याचं काय?

“ताई, डिसेंबर लागला की दर शनिवारी कुणाकडे तरी जेवण असतं. मी तळलेलं टाळते, गोड अर्धंच घेते, तरी जानेवारीत वजनकाट्यावर पाय ठेवायची भीती वाटते. मुलं दिवसभर चॉकलेट खातात. त्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात, त्यांना मधुमेह. नेमकं काय चुकतंय?”

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. घासाघासाचा हिशोब दिलास. पिण्याबद्दल मात्र शेवटी एकच ओळ, तीही कंसात: “(मुलं आणि सासूबाई ज्यूस घेतात, आम्ही दोघं एखाददुसरा ग्लास वाईन.)” मला तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या कंसातच सापडलं.

३३० मिलीच्या कोलाच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ नऊ चमचे. ते तुला ठाऊक असेल, म्हणूनच तू ज्यूस आणतेस. पण संत्र्याच्या रसाच्या खोक्यावर ‘साखर घातलेली नाही’ असं लिहिलेलं असलं, तरी २५० मिलीत वीसेक ग्रॅम साखर असतेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की अशी मोकळी, म्हणजे वरून घातलेली किंवा रसात उतरलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली ठेवा, जमल्यास ५ टक्क्यांखाली. मोठ्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. फळांचा रस त्या मोजणीत धरला आहे, अख्खं फळ धरलेलं नाही. फळ चावावं लागतं, त्यात चोथा असतो, एकदोन खाल्ली की पोट भरतं. तीन-चार फळांचा रस मात्र दोन मिनिटांत पोटात जातो आणि भूक होती तिथेच राहते.

हे मी घरात बघितलंय. माझे सासरे पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आले तेव्हा मीच त्यांना रोज सकाळी मोठा ग्लास भरून रस द्यायचे. फळं चांगली, ही माझी समजूत. गोड तर मी त्यांना दिसूही देत नव्हते! महिन्याभराने साखर तपासली तर तीनशेच्या वर. डॉक्टरांनी खाण्याआधी पिण्याचं विचारलं, तेव्हा माझी मान खाली गेली. रस बंद करून फळ सुरू केलं आणि आकडा उतरायला लागला. म्हणून रागावतेय तुझ्यावर, मी केलेली चूक तू करू नकोस.

सासूबाईंना पाणी, ताक किंवा बिनसाखरेचा चहा दे. ज्यूसचं एक छोटं खोकं मात्र घरात असू दे. त्या इन्सुलिन किंवा साखर फार उतरवणाऱ्या गोळ्या घेत असतील आणि कधी दरदरून घाम, थरथर सुटून साखर ७० च्या खाली आली, तर अर्धा कप रस लगेच द्यायचा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. तेवढ्या वेळेपुरता तो रस औषध आहे.

आता तुमचा “एखाददुसरा”. अल्कोहोलच्या एका ग्रॅमला ७ कॅलरी, साखरेच्या ४, तुपाच्या ९. म्हणजे दारू साखरेपेक्षा तुपाला जवळची. १५० मिली वाईनमध्ये सव्वाशेच्या आसपास कॅलरी भरतात, आणि घरचे ग्लास कोण मापून भरतं? एकदा पाण्याने भरून माप बघ. आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच म्हटलंय की दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही. शिवाय आपल्या लोकांना कमी वजनातही मधुमेह गाठतो. आशियाई लोकांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ पासूनच जपायला सांगतात. तेव्हा “मी कुठे जाड आहे” हे तुझ्या नवऱ्याचं म्हणणं असेल, तर ते मला मान्य नाही.

आग्रहाला माझ्या मोठ्या जावेचा उपाय कर. ती गेल्या गेल्या स्वतःच पाणी ओतून घेते आणि भरलेला ग्लास हातात ठेवते. रिकामा हात दिसला नाही की कुणी ओतायला येत नाही. तुमच्याकडे जेवण असेल तेव्हा लिंबाच्या चकत्या घातलेलं पाणी टेबलाच्या मधोमध ठेव आणि बाटल्या आतल्या खोलीत.

चॉकलेटचं फार मनाला लावून घेऊ नकोस, जेवणानंतर एक दे आणि डबा उचल. गोड अर्धं घेतेस, ते तसंच चालू दे.

येत्या शनिवारी पाचही जणांच्या ग्लासात काय काय गेलं ते लिहून ठेव आणि मला पाठव. या वेळी कंस नको.