माफी मिळाली, मग मी अजून तसाच कसा?

जय ख्रिस्त. या वेळी जी पत्रं आणि मेसेज आले त्यात फिरून फिरून एकच गोष्ट विचारलीय, की प्रभूने माफ केलं म्हणता मग आयुष्य बदललेलं का दिसत नाही, आणि दिसत नसेल तर आशा तरी कशाची धरायची. म्हणून या वेळचं अख्खं सदर त्यावरच. नावं छापत नाहीये, पत्रंही थोडी लहान केलीत.

प्रश्न : पास्टर, बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी खरंच रडलो होतो. पण मोबाईलवर पैसे लावायची सवय काही सुटत नाही. काही महिने बंद असतं, मग पुन्हा सुरू. दर वेळी गुडघे टेकून माफी मागतो, आता तर देवासमोर जायचीच लाज वाटते. बायकोला यातलं काही माहीत नाही, कर्ज झालंय तेही माहीत नाही. माझा बाप्तिस्मा खोटा होता का?

उत्तर : भाऊ, पुन्हा पडलात एवढ्यावरून बाप्तिस्मा खोटा ठरत नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 7वा अध्याय काढा आणि 15व्या वचनापासून सावकाश वाचा. जे करायचंय ते माझ्याकडून होत नाही आणि ज्याचा तिटकारा येतो तेच मी करून बसतो, असं ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे सांगतो. तो हे ख्रिस्ताला ओळखण्याआधीच्या आयुष्याबद्दल बोलतोय की नंतरच्या, यावर अभ्यासकांमध्ये फार जुना वाद आहे, पण जुन्या काळातला मोठा ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिन याने शेवटी ते विश्वासणाऱ्याचंच बोलणं मानलं आणि धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनेही तसंच मानलं, मलाही तेच पटतं.

ऑगस्टिनचं नाव घेतलंच आहे तर त्याचं थोडं सांगतो. हा माणूस तरुणपणी प्रार्थना करायचा की देवा मला शुद्ध कर, पण इतक्यात नको. सन 386 मध्ये मिलान शहरात त्याचं मन पालटलं, 387 च्या ईस्टरला बिशप अँब्रोज यांच्या हातून बाप्तिस्मा झाला. त्यानंतर दहाएक वर्षांनी, म्हणजे स्वतः बिशप झाल्यावर, त्याने आपल्या आयुष्याची कबुली लिहिली, आणि त्यात जुन्या पापांवर तो थांबत नाही, तर आजही कुठले मोह मला ओढतात, खाण्यापिण्याचा, कौतुकाचा, हेही उघड लिहितो. बिशपने लोकांना असं सांगणं सोपं नसतं. त्याला ते सांगता आलं कारण आपण किती सुधारलो यावर त्याची आशा टेकलेली नव्हती.

माझ्या मते तुमची अडचण इथेच आहे. तुम्ही मनात धरून बसलाय की आधी मी सुधारणार, मग देव मला पूर्ण माफ करणार, आणि सुधारणा टिकली नाही की माफीही गेली. पण शुभवर्तमानातला क्रम उलटा आहे. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला असं रोमकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय. क्षमा आधी येते आणि बदल तिच्या पोटातून येतो, कधी झटकन, बहुतेक वेळा फार हळू. म्हणून लाज वाटत असली तरी देवासमोर जायचं थांबवू नका, लाज घेऊनच जा.

पण आता एक कठीण गोष्ट सांगायचीय. तुम्ही दर वेळी देवाला सांगता आणि बायकोला सांगत नाही. ज्या माणसाचं नुकसान होतंय तिलाच काही कळू द्यायचं नाही, घरातला पैसा जातोय, खोटं बोलणं चालू आहे, आणि कबुली मात्र दार लावून एकट्याने, यात पापाला लपायला भरपूर जागा मिळते. याकोबाच्या पत्राच्या 5व्या अध्यायात एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा असं म्हटलंय ते उगाच नाही. मत्तय 5 मध्ये तर प्रभू म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. तेव्हा बायकोला सांगा, या आठवड्यातच सांगा. रक्कम कमी करून सांगू नका आणि अर्धं आज अर्धं नंतर असंही करू नका, कारण दुसऱ्यांदा उघडं पडलं की पहिल्या कबुलीवरचाही विश्वास उडतो. सगळ्या कर्जाची यादी कागदावर लिहा, ॲप काढून टाका, पैशाचे व्यवहार काही काळ तिच्या हाती द्या, आणि जुगाराच्या व्यसनावर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जा. समुपदेशकाकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडला असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. ती रागावेल, रडेल, कदाचित काही दिवस बोलणार नाही, तो तिचा हक्क आहे. मला माफ कर म्हणून लगेच तिच्या मागे लागू नका.

प्रश्न : ख्रिस्ती लोक सारखं पाप पाप का करतात? आधीच माणसाला कमी टेन्शन आहे का? मला तर चर्चमधून बाहेर पडताना आपण अगदी टाकाऊ आहोत असं वाटतं.

उत्तर : ताई, तुम्हाला जे वाटतं ते पुष्कळांना वाटतं आणि त्यात प्रवचन करणाऱ्यांचा दोष असतो. पापाबद्दल बोलायचं आणि आशेपर्यंत पोचायच्या आत आमेन म्हणायचं, हे अर्धवट शुभवर्तमान झालं.

ओळखायची एक खूण सांगतो. दावीद राजाने उरीयाच्या बायकोला आपलंसं केलं आणि ते झाकायला उरीयाला लढाईत मरायला पाठवलं, तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात 12व्या अध्यायात आहे. नाथानाने एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली आणि मग म्हणाला, तो माणूस तूच आहेस. त्याने नेमकं एक कृत्य दाखवलं, आणि दावीदाने कबूल केल्यावर त्याच दमात सांगितलं की परमेश्वराने तुझं पाप दूर केलंय. देवाकडून येणारी टोचणी अशी नेमकी असते, हे केलंस, याबद्दल वळ, आणि वळायला वाट असते. 'तू मुळातच टाकाऊ आहेस' असा जो आवाज येतो त्यात काय केलं ते कधीच सांगितलेलं नसतं आणि पुढे जायला रस्ताही नसतो, तो आवाज देवाचा मानू नका. आणि हा आवाज रात्रंदिवस पाठ सोडत नसेल, झोप-जेवण उडालं असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. नैराश्य हा आजार आहे, ते पाप नाही.

प्रश्न : माझ्या हातून अक्षम्य पाप झालं असेल का या विचाराने झोप लागत नाही. रागाच्या भरात मी देवाला खूप वाईट बोललो होतो.

उत्तर : दादा, पवित्र आत्म्याची निंदा करणाऱ्याला क्षमा नाही, हे मार्क 3 मध्ये प्रभू कोणाला म्हणाला ते बघा. तो लोकांना बरं करत होता, भुतं काढत होता, आणि यरुशलेमहून आलेले शास्त्री, म्हणजे धर्मशास्त्राचे पंडित, डोळ्यांनी बघूनही म्हणत होते की हे सैतानाचं काम आहे. म्हणजे समोर दिसणाऱ्या देवाच्या कामाला ठरवून वाईट म्हणणं आणि तिथेच अडून बसणं. रागात, दुःखात देवाला बोललेले शब्द ही वेगळी गोष्ट आहे, ईयोबाने आणि स्तोत्रकर्त्यांनी देवाला काय काय सुनावलंय ते वाचा. ज्याला माफी हवीय आणि मिळणार नाही या भीतीने जो तळमळतोय, त्याचं मन त्या शास्त्र्यांसारखं दगड झालेलं नाही. तरुण ल्यूथर मठात असताना तासन् तास पापं कबूल करायचा, काही राहिलं तर नाही ना या धास्तीने पुन्हा परत जायचा, आणि त्याचा वरिष्ठ स्टाउपित्झ त्याला आपल्या यादीवरून नजर काढून ख्रिस्ताच्या जखमांकडे बघ असं सांगायचा. मीही तुम्हाला तेच सांगेन.

प्रश्न : माझा नवरा दारू पिऊन मारायचा. मी मुलांना घेऊन वेगळी राहते. आता तो म्हणतो प्रभूने मला बदललं, मंडळीत त्याने साक्षही दिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता मंडळीतली माणसं माझ्यामागे लागलीत की देवाने माफ केलं, तू कोण अडवणारी, परत जा. नाही गेले तर पाप लागेल का?

उत्तर : नाही. ताई, वेगळं राहण्यात तुमचं काही पाप नाही आणि परत जायची घाई करू नका.

माफ करणं आणि पुन्हा भरवसा ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि मंडळ्यांमध्ये ती सर्रास एकत्र केली जातात. मनातून सूड सोडून न्याय देवावर सोपवणं ही माफी, ती तुम्ही तुमच्या वेळेने, लांब राहूनसुद्धा करू शकता. भरवसा समोरच्याने कमवायचा असतो. शौलाचंच बघा, म्हणजे पुढे जो पौल म्हणून ओळखला गेला त्याचं, आधी तो ख्रिस्ताच्या शिष्यांचा छळ करायचा. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर त्याला प्रभू भेटला, त्याच्या बदलाबद्दल आज कोणाला शंका नाही, पण प्रेषितांची कृत्ये 9 मध्ये लिहिलंय की तो यरुशलेमला आला तेव्हा शिष्य त्याला भ्यायले, हा खरंच शिष्य झालाय यावर त्यांचा विश्वास बसेना. गलतीकरांस पत्रावरून कळतं की मधे 3 वर्षं गेली होती. तरीही भ्यायले, आणि त्यांच्या भिण्याला पवित्र शास्त्र कुठेही पाप म्हणत नाही. बर्णबा नावाच्या शिष्याने त्याला प्रेषितांकडे नेलं आणि दिमिष्कात तो येशूच्या नावाने कसं निर्भयपणे बोलला ते सांगितलं, म्हणजे कोणीतरी त्याच्या वागण्याची ग्वाही दिली. तुमच्या नवऱ्याच्या बदलाची ग्वाही कोण देतंय? टाळ्या वाजवणारे त्याच्या घरात राहत नाहीत.

आणि जक्कय आठवा, लूक 19. तो जकातदार प्रभूसमोर उभा राहून म्हणाला, माझी निम्मी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कोणाला लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. लुबाडलेल्या लोकांनी मला आता समजून घ्यावं असं तो म्हणाला नाही. खरोखर वळलेला माणूस ज्याला दुखावलंय त्याच्याकडून काही मागत सुटत नाही. तुमचा नवरा दारू सोडायचे उपचार घेतोय का, मुलांचा खर्च न मागता देतोय का, तुम्ही 'अजून नको' म्हटल्यावर गप्प राहतो की चिडतो, हे बघा. 'नको' ऐकल्यावर जो माणूस मंडळीला पुढे करून दबाव आणतो, त्याची साक्ष कितीही सुंदर असली तरी मला त्याच्या बदलाबद्दल काळजी वाटते.

दावीदाला माफी मिळाली तरी त्याच्या कृत्याचे परिणाम पुसले गेले नाहीत हेही मंडळीतल्या लोकांना दाखवा. तुमच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आला तर पोलिसांची, वकिलाची मदत घ्यायला कचरू नका. आणि हे वाचणाऱ्या पाळकांना माझी हात जोडून विनंती आहे की साक्ष द्यायला माणसाला पुढे बोलावण्याआधी त्याच्या बायकोला विचारा.

प्रश्न : शेवटच्या घटकेला पश्चात्ताप केला तरी येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराला सुखलोक मिळाला. मग आत्तापासून कशाला बदलायचं?

उत्तर : त्या चोराकडे उद्या नव्हता, म्हणून त्याने आज केलं. तुम्ही उद्याचा विचार करून आज टाळताय, तेव्हा त्याची तुमची तुलनाच नाही. बाकी कृपा वाढावी म्हणून पापात राहावं का, हा सवाल पौलाने रोमकरांस 6 मध्ये स्वतःच उभा केलाय आणि त्याचं उत्तर साफ नाही असं आहे. आणि पापात राहणं म्हणजे मजा आणि ख्रिस्ताबरोबर राहणं म्हणजे शिक्षा, असं धरूनच हा प्रश्न येतो. ते तसं आहे का, हे पहिला प्रश्न विचारणाऱ्या भावाला विचारा.

प्रश्न : माझं वय सत्तरच्या पुढे आहे. तरुणपणी मुलाशी फार कठोर वागलो, तो आता माझ्याशी बोलत नाही. विश्वासात येऊन बरीच वर्षं झाली पण याबद्दल काही करायचं धाडस झालं नाही. आता या वयात काय बदलणार?

उत्तर : काका, जॉन न्यूटन नावाचा इंग्रज खलाशी होता, 1725 चा जन्म. 1748 मध्ये वादळात जहाज बुडायला आलं तेव्हा त्याने देवाचा धावा केला. पण त्यानंतरही, 1750 ते 1754, तो गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. प्रार्थना करायचा आणि खाली माणसं साखळदंडात. त्याने स्वतःच पुढे लिहिलंय की वादळानंतर बराच काळ मी पुरत्या अर्थाने विश्वासणारा नव्हतोच. 1764 मध्ये तो पाळक झाला, तरी त्या धंद्याबद्दल जाहीरपणे बोलायला 1788 साल उजाडलं, वय साठीच्या पुढे. तेव्हा त्याने पुस्तिका छापून आपण काय पाहिलं आणि काय केलं ते सांगितलं, आणि ही कबुली फार उशिरा येतेय हेही त्यातच लिहिलं. मग गुलामांचा व्यापार बंद व्हावा म्हणून झटणाऱ्यांच्या बाजूने साक्ष दिली. ब्रिटिश पार्लमेंटने तो व्यापार बंद करणारा कायदा 1807 मध्ये केला, त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूटन वारला, तोवर डोळ्यांनी दिसायचंही जवळपास थांबलं होतं.

उशीर झाला म्हणून त्याची कबुली वाया गेली नाही, आणि ती आली म्हणून ज्यांची आयुष्यं त्या जहाजांवर संपली ती परत आली असंही नाही. तुमच्याही बाबतीत दोन्ही खरं असणार. मुलाचं बालपण तुम्हाला परत देता येणार नाही, पण ते जसं गेलं त्याची जबाबदारी घेणं अजून तुमच्या हातात आहे. रोमकरांस 5 मध्ये पौल म्हणतो ती आशा लाजवत नाही, कारण ती आपल्या कर्तबगारीवर नाही तर आपल्या मनात ओतलेल्या देवाच्या प्रीतीवर उभी असते, आणि त्या प्रीतीला वयाची अट नाही.

तेव्हा मुलाला पत्र लिहा. छोटंच लिहा. 'माझ्याकडून काही चुकलं असेल तर' असं लिहू नका, काय चुकलं ते लिहा, दोन-तीन प्रसंग तुम्हाला नक्की आठवत असतील, त्यालाही आठवतात. तेव्हा परिस्थिती कशी होती, मी किती दबावाखाली होतो, ते सगळं गाळा. भेटायला ये, फोन कर, असंही त्यात घालू नका. तुमचा पत्ता आणि नंबर खाली असू द्या. उत्तर नाही आलं तर पुढच्या आठवड्यात दुसरं पत्र पाठवू नका, त्याला वेळ लागू दे, तोपर्यंत रोज त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा.