टार्गेट पिस्तुलासाठी गोळी कशी निवडावी? घरी काडतुसं भरून नेम सुधारतो का?

तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांपूर्वी बालेवाडीला १० मीटर एअर पिस्तूल सुरू केलं आणि साठ शॉटमध्ये ६०० पैकी ४९०च्या आसपास अडकलात. अमेरिकेतले लोक घरच्या टेबलावर काडतुसं भरताना व्हिडिओत पाहिले, आणि खरी गोम गोळीतच आहे असं वाटू लागलं. तर कुठली गोळी घ्यावी आणि हे आपणही करावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी कोथरूडहून अकरा वर्षं नेमबाजीला जातेय. आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते: घरी काडतुसं भरू नका. आपल्याकडे काडतुसं तयार करायला शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे वेगळा परवाना लागतो. पिस्तूल बाळगायचा परवाना असला म्हणजे काडतूस भरायची मुभा मिळाली असं होत नाही. शिवाय एअर पिस्तुलात काडतूस नसतंच, आणि पुढे तुम्ही २५ मीटरला गेलात तरी स्पोर्ट पिस्तुलाला .२२ रिमफायर लागतं. त्यात ठिणगीचा मसाला काडतुसाच्या कडेत भरलेला असतो, एकदा घोडा पडला की ती कड चेपते आणि काडतुसाचं नळकांडं बाद होतं. म्हणजे ते पुन्हा भरताच येत नाही, कारखान्यातलंच घ्यावं लागतं. भरण्याचा विषय येतो तो .३२, .३८ किंवा .४५च्या सेंटरफायर काडतुसांत, ज्यांत तो मसाला बुडाच्या मध्यभागी असतो.

त्या व्हिडिओंतल्या गोळीबद्दल मात्र थोडं सांगते, कारण त्यातली कल्पना आपल्या कामाची आहे. टार्गेटसाठी ते बहुतेक वेळा वॅडकटर निवडतात. मऊ शिशाची, सपाट तोंडाची गोळी. टोकदार गोळी कागद फाडत जाते, सपाट गोळी पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पाडते, आणि रेषेला भोक टेकलंय की नाही यावर वाद होत नाही. काही वॅडकटरचं बूड पोकळ असतं. मागून दाब आला की ते फुलतं आणि नळीच्या आतल्या पिळदार खाचांना घट्ट बसतं. आता तुमच्या डब्यातलं एक पेलेट, म्हणजे एअर पिस्तुलाची शिशाची गोळी, तळहातावर घेऊन बघा. तेच सपाट तोंड, मध्ये कंबर, मागे पोकळ घागरा. हवेच्या दाबाने तो घागरा फुलून नळी बंद करतो. टार्गेट गोळी तुमच्याकडे आधीपासूनच आहे.

मग ती किती महत्त्वाची? इथे हिशेबच मांडावा लागतो. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं, आणि पेलेट ४.५ मिमीचं. कड टेकली तरी दहा मिळतात, म्हणून भोकाचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीपर्यंत सरकला तरी चालतो. पुढची प्रत्येक रिंग आणखी ८ मिमी लांब. तुमची सरासरी आठच्या जरा वर आहे, म्हणजे शॉट साधारण १६ ते २४ मिमी बाहेर जातायत. मी माझं पिस्तूल शिकंजात धरून तीन डबे तपासले होते. चांगल्या दोन डब्यांची पाच-पाच शॉटची भोकं मिळून एकच ६.५ ते ७ मिमीचं भोक झालं, स्वस्त डब्याचं ११ मिमी. त्यातून पेलेटची जाडी वजा केली तर स्वस्त डबा शॉट मध्यापासून तीनेक मिमी इकडेतिकडे टाकत होता. तुमच्या २० मिमीपुढे ते तीन मिमी काहीच नाहीत. तुमचे गुण ट्रिगर ओढताना जातायत, डब्यात नाही.

तरीही सगळ्यात स्वस्त डबा घेऊ नका, असं मी कळकळीने सांगेन. तुम्ही आत्ता शॉट ओळखायला शिकताय: ‘सुटला तेव्हा साइट (नेम धरायची खूण) डावीकडे होती, म्हणजे डावीकडे आठ’. पेलेट मनाला येईल तिकडे गेलं तर ही शिकवणीच बिघडते. चूक हाताची की शिशाची हे कळेनासं होतं, आणि माणूस विनाकारण साइट फिरवत बसतो.

माझ्या बाबतीत तेच झालं होतं. स्कूटरच्या डिकीत डबा मोकळा टाकून मी चांदणी चौकातून रोज जायचे. एकदा डबा उलटला, मी पेलेटं गोळा करून परत भरली आणि विसरले. पुढचे दोन आठवडे अधूनमधून एखादा शॉट विनाकारण सातला. मनगट बदललं, ग्रिप घासली, रात्री झोप लागेना. शेवटी सरांनी डबा मागितला आणि एकेक पेलेट काचेच्या तुकड्यावर लोळवलं. नीट पेलेट काचेवर संथ गोल वळण घेतं, कारण तोंड आणि घागरा यांचा व्यास थोडा वेगळा असतो. माझी कित्येक पेलेटं लंगडत होती. घागऱ्याची कड केसाएवढी चेपलेली, नुसत्या डोळ्यांना दिसतही नव्हती. तेव्हापासून डब्यात वर फोमची चकती ठेवते आणि डबा पाठीवरच्या सॅकमध्ये नेते.

घेताना वजन बघा. पिस्तुलासाठी हलकं पेलेट, ०.४५ ते ०.४९ ग्रॅमचं. आरडब्ल्यूएसचं आर-१० मॅच ०.४५चं मिळतं, एच अँड एनचं फिनाले मॅच पिस्तूल ०.४९चं. ०.५३चं रायफलवाले वापरतात. हलकं पेलेट नळीतून लवकर बाहेर पडतं, आणि एका हाताने धरलेल्या पिस्तुलाला तेवढा कमी वेळ हलायला मिळतो. डब्यावर ४.४९, ४.५० असे आकडे असतात, ते तोंडाचे व्यास. त्यातला कुठला चांगला हे कुणीच सांगू शकत नाही, ते तुमची नळी ठरवते. माझ्या पिस्तुलाला ४.४९ मानवतं, माझ्या मैत्रिणीच्या त्याच मॉडेलला ४.५०.

नळीची परीक्षा आत्ता करू नका. ५४०च्या पुढे नियमित गेलात की करा. पिस्तूल शिकंजात फ्रेमला धरायचं, नळीला नाही. डबा बदलला की पहिले आठ-दहा शॉट मोजायचे नाहीत, नळीला नव्या शिशाची सवय होऊ द्यायची. मग प्रत्येक डब्याचे पाच-पाच शॉटचे निदान चार गट काढायचे, एका गटावर भुलायचं नाही. आवडलेल्या डब्यावरचा बॅच नंबर लिहून ठेवा आणि त्याच बॅचचे जमतील तेवढे डबे एकदम घ्या. त्याच कंपनीचा पुढचा बॅच वेगळा वागू शकतो. .२२वाले मोठे नेमबाजही हेच करतात, काडतुसांचे लॉट स्वतःच्या नळीतून तपासून घेतात.

तोवर चांगल्या कंपनीचे, एकाच बॅचचे दोन डबे घ्या, आणि रोजच्या शॉटपैकी वीस शॉट वर्तुळं नसलेल्या कोऱ्या पांढऱ्या कागदावर मारा, म्हणजे लक्ष गुणांकडे न जाता ट्रिगरवर राहील. आणि रेंजवरून बाहेर पडून चहा-वडापाव घेण्याआधी हात साबणाने चोळून धुवा. बोटांना लागलेलं शिसं दिसत नाही, पण पोटात जातं.